मदत हवी आहे: विमानातल्या स्क्रीनला घरचे हेडफोन कसे जोडायचे? वडिलांना एकाच कानाने ऐकू येतं

कवळे_फोंडा:

नमस्कार मंडळी. मी फोंड्याची, कवळ्याला राहते. पुढच्या महिन्यात बाबांना घेऊन भावाकडे लंडनला जायचंय, मोपाहून दोहा आणि तिथून लंडन, म्हणजे पहिलं विमान चारेक तासांचं आणि दुसरं सातेक तासांचं. तिकिटं, व्हिसा, इन्शुरन्स सगळं झालंय, माझं अडलंय ते हेडफोनपाशी. ज्यांना यातलं कळतं त्यांनी प्लीज सविस्तर सांगा कारण मागच्या वेळी जे झालं ते मला परत होऊ द्यायचं नाहीये.

आधी बाबांचं सांगते. वय ७६. लहानपणी गालगुंड झाले होते तेव्हा डावा कान गेला तो कायमचाच, मशीनचा उपयोग नाही असं डॉक्टरांनी केव्हाच सांगितलंय. उजवा कान वयाच्या मानाने छान आहे. घरात आम्हाला याची इतकी सवय झालीय की जेवताना त्यांच्या डाव्या हाताला कोणी बसतच नाही. देवळात उत्सवाचं नाटक असलं की बाबा लवकर जाऊन डाव्या बाजूची खुर्ची धरतात म्हणजे उजवा कान रंगमंचाकडे राहतो. नाटक, नाट्यसंगीत आणि जुने सिनेमे यावर माणूस जगतो म्हटलं तरी चालेल.

दोन वर्षांमागे आम्ही मुंबईहून सिंगापूरला गेलो होतो. विमानातले हेडफोन बाबांच्या कानावर राहत नाहीत म्हणून मी घरून मोठे, कान पूर्ण झाकणारे वायरवाले नेले होते. सीटच्या हातात दोन भोकं होती, मी त्यातल्या एकात पिन घातली, माझ्या कानाला एक बाजू लावून बघितली, आवाज येतोय म्हटल्यावर बाबांना घातले आणि स्वतः झोपले. बाबांनी एक सिनेमा पूर्ण बघितला, दुसरा अर्धा बघितला. उतरल्यावर बॅगांची वाट बघत उभे होतो तेव्हा मी विचारलं, कसा होता सिनेमा? तर म्हणाले, "आवाज नव्हता गो, पण चित्रं बघितली. तू दमली होतीस, तुला कशाला उठवायचं." साडेपाच तास. मला अजून ते आठवलं की घशाशी येतं.

तर प्रश्न असा की आवाज तर येत होता, मी स्वतः ऐकला होता, मग त्यांना का नाही आला? आणि आता काय घेऊन जाऊ? माझ्याकडे ते वायरवाले हेडफोन आहेत, भावाने पाठवलेले कानात घालायचे बिनवायरचे इअरबड्स आहेत, आणि परवा पणजीहून मी टाइप-सीचा एक छोटा कनेक्टर आणलाय, एका बाजूला टाइप-सी आणि दुसऱ्या बाजूला हेडफोनचं गोल भोक. दुकानदार म्हणाला यावर सगळं चालतं. विमानात चालेल ना?

मळा_पणजी:

ताई, पहिलं म्हणजे तो टाइप-सीचा कनेक्टर परत करता आला तर करा. तो उलट्या दिशेचा आहे. ज्या फोनला गोल भोक नाही त्यात साधे हेडफोन लावायला तो असतो, आणि त्याच्या पोटात आवाज तयार करणारी छोटी चिप असते ती फोनकडून वीज आणि डिजिटल सिग्नल घेते. विमानाच्या सीटला जे भोक असतं ते साधं ३.५ मिमीचं, त्यातून तयार आवाज बाहेर येतो. तिथे ती टाइप-सी पिन जाणारच नाही. स्क्रीनखाली चार्जिंगचं पोर्ट असलं तरी त्यातून सिनेमाचा आवाज येत नाही, ते फोन चार्ज करायला. हा घोळ सर्रास होतो, माझ्या मेव्हण्याने टाइप-सीवालेच हेडफोन नेले होते आणि अख्खा प्रवास ते गळ्यात घालून बसला.

आता दोन भोकांचं. जुन्या विमानांत आणि काही नव्यांतसुद्धा सीटला शेजारी शेजारी दोन भोकं असतात. एकातून डाव्या बाजूचा आवाज येतो, दुसऱ्यातून उजव्या. तुमच्या हेडफोनची एकच पिन असते म्हणून दोन पिनवाला अ‍ॅडॉप्टर लागतो, एका बाजूला दोन पिना आणि दुसऱ्या बाजूला एक भोक. एअरलाइन अ‍ॅडॉप्टर किंवा फ्लाइट अ‍ॅडॉप्टर म्हणून मागा. अठरा जून रस्त्यावरच्या दुकानांत विचारा, नसला तर ऑनलाइन मिळतो, मला २०० रुपयांच्या आसपास पडला होता. काही महाग हेडफोनच्या डब्यात येतोसुद्धा, लोक बघत नाहीत आणि डबा फेकतात.

साऊंड_मडगाव:

ताईंचा प्रश्न अजून राहिलाय, बाबांना आवाज का नाही आला. मी साऊंडचं काम करतो, देवळांच्या उत्सवांना पण जातो, म्हणून सांगतो.

हेडफोनची पिन नीट बघा. तिच्यावर काळ्या रेघा असतात, त्या रेघांनी पिनेचे भाग पडतात. टोकाचा भाग डाव्या कानाचा, त्याच्या मागचा उजव्या कानाचा, आणि मागे अर्थिंग. विमानाची ती दोन भोकं मोनो असतात, म्हणजे आत फक्त टोकाला आणि अर्थिंगला टेकणारे पत्रे असतात. तुमची पिन एका भोकात घातली की टोकाला आवाज मिळतो, म्हणजे हेडफोनच्या डाव्या बाजूलाच आवाज येतो. उजवी बाजू मुकी राहते. भोक कुठलंही असो, हेडफोनची डावीच वाजणार. तुम्ही बहुतेक डावी बाजू कानाला लावून बघितलीत, तुम्हाला ऐकू आलं. आणि बाबांचा नेमका डावा कान गेलेला.

अ‍ॅडॉप्टर नसता तरी त्या दिवशी उपाय तुमच्या हातात होता पण कोणी सांगितला नाही. हेडफोन उलटे घालायचे. डावी बाजू उजव्या कानावर. बस. सिनेमातले संवाद बहुतेक वेळा डाव्या उजव्या दोन्हीकडे सारखेच दिलेले असतात, एका बाजूला संगीताचं किंवा गाडीच्या आवाजाचं थोडं कमी जास्त असेल तेवढंच. म्हणून एका भोकातला आवाज एका चांगल्या कानात गेला की सिनेमा पूर्ण कळतो.

आणखी एक. तुमच्या हेडफोनला बोलायचा माईक असेल तर पिनेवर दोनाऐवजी तीन रेघा असतील. तसल्या पिनेचं काही सीटमध्ये अर्थिंग नीट बसत नाही, मग आवाज पोकळ येतो, संवाद आणि गाणाऱ्याचा गळा जवळजवळ गायब होतो आणि मागची वाद्यंच ऐकू येतात. लोकांना वाटतं हेडफोन बिघडले. पिन एक दोन मिलिमीटर बाहेर ओढून बघा, पुष्कळदा जागेवर येतं. नाही आलं तर दोन रेघांची पिन असलेली वायर वापरा.

कवळे_फोंडा:

दादा, मी आत्ता कपाटातून हेडफोन काढून पिन बघितली. तीन रेघा आहेत. आणि डाव्या बाजूवर आत बारीक खूण आहे, मी तीच बाजू लावली असणार कारण वायर त्याच बाजूने निघते आणि हातात तीच येते. दोन वर्षं मी समजत होते की बाबांना बटण दाबता आलं नसेल.

देव बरें करूं. अ‍ॅडॉप्टर आजच शोधते.

म्हापसा_टू_मेलबर्न:

मी वेगळं सुचवतो. वायरच नको. ब्लूटूथ ट्रान्समीटर मिळतो, काडेपेटीएवढा, तो सीटच्या भोकात लावायचा आणि तो आवाज इअरबड्सकडे पाठवतो. काही नव्या विमानांच्या स्क्रीनमध्येच ब्लूटूथ आलंय पण त्यावर भरवसा ठेवून जाऊ नका, ट्रान्समीटर असला की बरं. आणि काकांसाठी फायदा असा की बरेचसे इअरबड्स फक्त एकच कानात घातला की दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करून त्या एकात देतात. म्हणजे उजव्या कानात एकच बड, दोन्हीकडचं सगळं ऐकू येईल, हेडफोन उलटे सुलटे करायची भानगड नाही.

जोडताना एक काळजी. आधी सगळ्यांच्या फोनचं ब्लूटूथ बंद करा, नाहीतर डबी उघडल्या उघडल्या बड्स फोनला जाऊन चिकटतात आणि ट्रान्समीटर बिचारा लुकलुकत बसतो. जोडणी घरी करून ठेवा, एकदा ओळख झाली की पुढच्या वेळी आपोआप लागतं. ओठ आणि आवाज यांचा मेळ बसतो का तेही घरीच टीव्हीला लावून बघा, काही स्वस्त जोड्यांमध्ये आवाज मागे राहतो आणि संवादप्रधान सिनेमा बघताना फार त्रास होतो. आणि हे सगळं हँडबॅगेत ठेवा, ट्रान्समीटरमध्ये लिथियमची बॅटरी असते.

डिचोली_६७:

विमानात ब्लूटूथ चालतं का पण? आम्हाला तर सगळं बंद करायला सांगतात.

म्हापसा_टू_मेलबर्न:

फ्लाइट मोड टाकून ब्लूटूथ चालू ठेवता येतं. आपल्याकडे डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीचे नियम ठरवणाऱ्या सरकारी खात्याने, २०१४ मध्येच फ्लाइट मोडमधली उपकरणं उड्डाणभर वापरायला परवानगी दिली. तरी टेकऑफ आणि लँडिंगच्या वेळी क्रू जे सांगेल ते ऐकायचं, हेडफोन काढा म्हटलं की काढायचे, वायर पायात लोंबकळत ठेवायची नाही.

आखातातून_पेडणे:

बाय, मी १८ वर्षं मस्कतला आहे, वर्षातून दोनदा तरी येणं जाणं असतं, पूर्वी दाबोळीला उतरायचो, आता मोपा झाल्यापासून घर अर्ध्या तासावर आलंय. तंत्राचं वरच्या लोकांनी सांगितलंच, मी बसण्याचं सांगतो कारण ते कोणी बोललं नाही.

बाबांना विमानाच्या डाव्या बाजूची खिडकी घे, म्हणजे ए नंबरची सीट. तिथे बसले की त्यांचा उजवा कान तुझ्याकडे आणि वाटेकडे राहतो. देवळात ते डावीकडची खुर्ची धरतात म्हणालीस ना, अगदी तसंच. उजव्या खिडकीला बसवलंस तर चांगला कान खिडकीकडे जाईल आणि तू काही बोललीस तरी पोचणार नाही, जेवण विचारायला आलेली मुलगी तर सोडूनच दे.

दुसरं म्हणजे त्यांचा एकच कान आणि तोही हेडफोनने झाकला तर त्यांना बाहेरचं काहीच कळणार नाही. त्यामुळे बेल्ट बांधायची सूचना, सीट सरळ करायची सूचना ही तुझी जबाबदारी. आम्ही माझ्या सासूबाईंबरोबर ठरवून ठेवलेलं, मनगटाला दोनदा हात लावला की हेडफोन काढायचे. घाबरत नाहीत मग. आणि आवाज आधीच मोठा ठेवू नका, कारण मध्येच पायलट बोलायला लागला की सिनेमा थांबतो आणि त्याचा आवाज हेडफोनमध्ये केवढ्यांदा घुसतो, एकुलत्या कानाला तो दणका नको.

विमानाची घरघर ८० डेसिबलच्या पुढे असते आणि ती झाकायला माणूस आवाज वाढवत जातो, त्यापेक्षा कान पूर्ण झाकणारे जाड गादीचे हेडफोन बरे, घरघर बाहेरच राहते आणि कमी आवाजात भागतं. नॉईज कॅन्सलेशनवाले असले तर उत्तमच, ते तीच खालची घरघर मारतात. पण चार्ज करून न्या, काही मॉडेल वायर लावली तरी बॅटरी संपली की बोलत नाहीत.

कवळे_फोंडा:

दादा तुमचं वाचून मी लगेच सीट बदलली. उजवी खिडकी घेतली होती! दोन्ही विमानांत आता बाबा ए आणि मी बी.

शनिवारी सगळं घरी करून बघितलं, त्याचं सांगते कारण एका गोष्टीत मी फसणार होते. ट्रान्समीटर शेजारच्या मुलाकडून दोन दिवस मागून आणला. आधी इअरबड्स माझ्या फोनला लावले, उजवा बड बाबांच्या कानात घातला आणि यूट्यूबवर ती चाचणीची क्लिप असते ना, लेफ्ट म्हणते तेव्हा डावीकडून आणि राईट म्हणते तेव्हा उजवीकडून आवाज, ती लावली. बाबा म्हणाले दोन्ही ऐकू येतात. मी खूष. मग ट्रान्समीटर लॅपटॉपला लावून तीच क्लिप लावली तर लेफ्टच्या वेळी बाबा नुसते माझ्याकडे बघत राहिले. परत लावली, परत तेच. राईट म्हटलं की मान हलवतात, लेफ्टला काही नाही. तासभर डोकं खाजवल्यावर मुलाने सांगितलं की माझ्या फोनच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत मोनो ऑडिओ चालू आहे, मीच कधीतरी बाबांसाठी केलं होतं. म्हणजे आवाज एकत्र करण्याचं काम फोन करत होता, बड करतच नव्हता. सीटच्या स्क्रीनला असं सेटिंग असणार नाही. म्हणून सांगते, बड आपोआप एकत्र करतो असं गृहीत धरू नका, ज्या मार्गाने वापरणार त्याच मार्गाने बघा.

साऊंड_मडगाव:

छान केलंत, हेच सांगणार होतो. घाबरू नका पण, संवाद उजव्या बडमध्येही येतीलच. तरी माझं मत विचाराल तर बाबांच्या वयाला वायरवाले मोठे हेडफोन आणि दोन पिनचा अ‍ॅडॉप्टर. बड पडला तर सीटखाली शोधताना हाल होतात. स्टीरिओचं मोनो करणारी जोडणीही मिळते पण ती चांगल्या बनावटीची घ्या, आत रेझिस्टर हवेत, नुसत्या दोन तारा पिळून एकत्र केलेली नको.

एक भोक असलं की हेडफोन सरळ घालायचे. दोन भोकं आणि अ‍ॅडॉप्टर असला तरी सरळ. दोन भोकं आणि अ‍ॅडॉप्टर विसरलात तरच उलटे. आणि सीटचा पत्रा कधी कधी झिजलेला असतो, पिन गोल फिरवून बघा, खरखर गेली की तिथेच सोडून द्या.

डिचोली_६७:

आणि बाबांची आवडीची नाट्यगीतं फोनमध्ये डाउनलोड करून न्या हो. फोनला मोनो सेटिंग आहेच. जुनी रेकॉर्डिंग तर मुळातच मोनो असतात, दीनानाथांच्या काळात कुठलं आलंय डावं उजवं. स्क्रीन बिघडली तरी माणूस रिकामा बसायला नको.

कवळे_फोंडा:

काका, बाबांना हे वाचून दाखवलं तर म्हणाले, मंगेशीच्या माणसाचं गाणं एका कानालाही पुरतं. ६० गाणी भरलीत.

कवळे_फोंडा:

सगळ्यांना कळवायचं राहून गेलं, आम्ही परवा लंडनला पोचलो. थंडी आहे, बाबा खिडकीशी बसून ही पोस्ट लिहिताना बघतायत.

पहिल्या विमानात एकच भोक होतं, स्क्रीनच्या खाली. तीन रेघांची पिन घातली आणि अगदी साऊंडवाल्या दादांनी सांगितलं तसंच, गाणं लावलं तर ढोलकी पेटी मस्त आणि गाणारी बाई कुठेतरी विहिरीत. थोडीशी बाहेर ओढली आणि आवाज समोर आला. बाबांच्या चेहऱ्यावरून मला आधी कळलं, त्यांनी बोट वर केलं तेव्हा मी हात सोडला. दुसऱ्या विमानात माझ्या सीटचं भोक सैल होतं, मी विमानातलेच वापरले, पण बाबांचं चांगलं होतं. अ‍ॅडॉप्टर शेवटपर्यंत पर्समध्येच राहिला. उतरायच्या अर्धा तास आधी विमानातले हेडफोन गोळा करायला आले, माझे दिले, बाबांचे घरचे म्हणून त्यांचा सिनेमा शेवटपर्यंत चालला.

मनगटाला दोनदा हात लावायचं आम्ही मोपाला बसल्या बसल्या ठरवलं होतं. सातपैकी पहिल्या तीन तासांत मला एकदाच लावावा लागला, जेवणाला. नंतर मी डोळे मिटले होते तर बाबांनी मला हलवून मोठ्याने विचारलं, "हा भाऊ आहे का गो त्याचा, की मित्र?" हेडफोन घातलेल्या माणसाला आपला आवाज कळत नाही, चार रांगांना ऐकू गेलं, पुढच्या बाईने मागे वळून बघितलं. मी त्यांना हळू बोला म्हटलं नाही. भाऊ आहे म्हणून सांगितलं.

आखातातून_पेडणे:

बरें जालें बाय. बाबांना नमस्कार सांग.

वाळपई_रानवाट:

ताई, धागा आत्ता वाचला. माझ्या आईला पुढच्या महिन्याच्या शेवटी बहिणीकडे दुबईला एकटीला पाठवायचंय, तिला दोन्ही कानांनी येतं ऐकू पण विमानातले हेडफोन तिच्या अंबाड्यावर बसत नाहीत. तो दोन पिनवाला अ‍ॅडॉप्टर इकडे कुठे मिळेना, ऑनलाइनवाला आमच्या पिनकोडला यायला फार दिवस सांगतोय.

कवळे_फोंडा:

आमचा घेऊन जा. आम्ही १४ तारखेला मोपाला उतरतोय, १५ नंतर कधीही कवळ्याला या. आणि येताना आईचे हेडफोन घेऊन या, पिनेवर रेघा किती आहेत ते बाबाच बघून देतील, त्यांना आता येतं.